सूर्य नाहीसा झाला तर केशोरीला कधी कळेल

टेकू, तुझ्या तेरवीला मयूरी ज्या तऱ्हेनं रडली ते पाहून मला तुझा हेवा वाटला. गेलेल्या माणसाचा हेवा करू नये, एवढं मला कळतं. पण तुझ्यापाशी खोटं बोलून आता मला काय मिळणार आहे? मांडवात पंगत बसली होती, कुंता वहिनी आतल्या खोलीत बायकांमध्ये होत्या, आणि माझी सव्वीस वर्षांची मुलगी तुझ्या फोटोसमोर मांडी घालून बसली होती. नाक पुसायचंही तिला भान नव्हतं. मी हातात भाताचं टोपलं घेऊन वाढत होतो. पहिला विचार मनात आला तो असा, की मी गेल्यावर ही एवढी रडेल का. दुसरा आला की नाही रडणार. तिसरा यायच्या आत कुणीतरी भात मागितला.

रीतीनं पाहिलं तर हेवा तू करायला हवा होतास. आपण दोघं केशोरीचे, घराला घर लागून. बारावीला गोंदियात एका खोलीत राहिलो, एका स्टोव्हवर खिचडी शिजवली. मी पास झालो. तू फिजिक्समध्ये शंभरात एकोणीस मार्क घेतलेस आणि हसत गावी परत गेलास. पुढे मी गोंदियाच्या एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्सचा मास्तर झालो, बंगलीवजा घर बांधलं, गाडी घेतली. तू धान लावत राहिलास, आणि गावानं तलावाचं पाणी सोडायचं काम तुझ्याकडे दिलं. मी सुट्टीत नव्या शर्टात यायचो तेव्हा तू शर्टाचं कापड दोन बोटांत धरून म्हणायचास, ‘चांगलं आहे गा भोजू, कितीक दिवस चालन.’ त्यात टोमणा शोधून शोधून मी थकलो. टोमणा नव्हताच. तू माझा कधी हेवा केला नाहीस, याचाही मला राग होता.

मयूरी लहान होती तेव्हा आम्ही दर सुट्टीला केशोरीला यायचो. सकाळी दूध पिऊन झालं की पोरगी तुझ्या घरी. एकदा तुम्हाला जेवायला बोलवायला मी तलावाच्या पाळीवर आलो. पलीकडच्या घाटावर एक बाई कपडे धूत होती, आणि तू मयूरीला सांगत होतास, ‘पाह्य, मोगरी पडली. आता आइक.’ मोगरी दगडावर पडलेली आधी दिसायची, आवाज मागून यायचा. तोवर त्या बाईनं मोगरी पुन्हा उचललेली असायची. पोरगी टाळ्या पिटत होती. ‘आवाजाले पानी पार करून या लागते,’ तू म्हणालास. ‘उजेडाले बी लागते, पन तो लय पळते, म्हनून आपल्याले समजत नाही.’ मी तोवर पंधरा-सोळा वर्षं प्रकाशाचा वेग फळ्यावर लिहीत आलो होतो, तिनापुढे आठ शून्यं. माझ्या वर्गात कुणी कधी टाळी वाजवली नव्हती. मी लांबूनच ओरडलो की जेवण थंड होऊन राहिलं.

मग तो दसरा. मयूरी दहा वर्षांची होती. पावसानं दडी मारली होती आणि उशिराचं भारी धान निसवायला आलं होतं, म्हणजे तलावाच्या पाण्यासाठी गावात रोज कुरबूर. तू पहाटे तुडूम उघडायचास आणि दहाला बंद करायचास. तुडूम म्हणजे पाळीतलं पाणी सोडायचं दार, हे मयूरीला तूच शिकवलंस, आणि ती गोंदियाच्या तिच्या शाळेत जाऊन सांगून आली. त्या दिवशी बाराच्या सुमारास आपण तिघं पाळीवर मोहाच्या सावलीत बसलो होतो. ओच्यात तलावातलेच शिंगाडे, उकडलेले. सोलता सोलता मयूरीनं विचारलं, ‘बाबा, सूर्य एकदम गायब झाला तर काय होईल?’

तिनं मला विचारलं होतं. तुला नाही. ते मी अजून विसरलेलो नाही.

मी शिंगाडा खाली ठेवला आणि नीट, वर्गात सांगतो तसं सांगितलं. प्रकाशाला सूर्यापासून इथं यायला आठ मिनिटांच्या वर लागतात. तेवढा वेळ सूर्य आपल्याला दिसत राहील, ऊन पडत राहील. पण गुरुत्वाकर्षण तत्काळ असतं. सूर्य गेला की त्याच क्षणी पृथ्वी सुटेल आणि सरळ रेषेत चालू लागेल.

‘काऊन गा?’ तू विचारलंस.

‘काऊन म्हणजे? सूत्रच तसं आहे. दोन वस्तुमानं आणि मधलं अंतर. त्यात वेळ कुठेच नाही.’

‘सूत्रात नसन.’ तू शिंगाड्याचं टोक दातानं तोडलंस. ‘पन पृथ्वीले सांगते कोन?’

‘काय सांगते?’

‘हेच, का सूर्य गेला म्हनून. तू म्हनतेस उजेड आठ मिनिटानं येते. अन् हे खबर त्याच्याही पहिले पोचली? सूर्य डोळ्याले दिसून राहिला, अन् पृथ्वी त्याले सोडून निंघून बी गेली?’

मयूरी सोलायची थांबली होती. तू पाटाकडे बोट दाखवलंस. ‘पाह्य बाई, तुडूम मी दहाले बंद केला. आता बारा वाजून राहिले. टेलवर जाऊन पाह्य, टेलवाल्याच्या बांधीत पानी पडूनच राहिलं. त्याच्या लेखी तलाव अजून उघडा आहे.’

गावचा नियमच तसा होता. तुडूम बंद झाल्यावर पाटात जे पाणी उरतं ते टेलवाल्याचं, पाटाच्या शेवटी ज्याची धानाची बांधी त्याचं, कारण त्याचं पाणी सुरूही उशिरा होतं आणि थांबतंही उशिरा. तलावापाशी दार बंद झालं म्हणून कुणी टेलवर जाऊन त्याच्या बांधीचं तोंड बुजवायचं नाही. केशोरीच्या शेंबड्या पोरालाही हे माहीत होतं. मलाही होतं. पण तोवर मी चिडलो होतो. मी म्हणालो की पाणी वाहतं, गुरुत्व वाहत नाही, आणि उपमा देऊन फिजिक्स होत नसतं.

‘बरं,’ तू म्हणालास. जरा वेळानं म्हणालास, ‘पन सांगते कोन, ते तू सांगितला नाही.’

तेव्हा मी ते बोललो. मयूरीसमोर बोललो. ‘टेकू, तू फिजिक्समध्ये नापास झाला होतास. एकोणीस मार्क. विश्वाचं तू नको सांगू.’

तू हसलास. ‘हो ना बाई, तुझा बाप हुशार. मी नापास,’ असं म्हणून उठलास, धोतर झटकलंस, आणि टेलचं पाणी पाहायला पाटाच्या कडेनं निघालास. मयूरी माझ्याकडे न पाहता उठली आणि तुझ्या मागून गेली. मी शिंगाडे खात बसलो. पोट भरलं होतं, तरी संपवले.

सुट्टी संपल्यावर मी कॉलेजच्या लायब्ररीतून एक जाडं इंग्रजी पुस्तक काढलं. दोन पानांत उत्तर होतं. गुरुत्वाचा परिणामही प्रकाशाच्याच वेगानं जातो, तेवढाच वेळ घेतो. सूर्य नाहीसा झाला तर आठ मिनिटं पृथ्वी त्या नसलेल्या सूर्याभोवती फिरत राहील. माझं सूत्र जुनं होतं, कामापुरतं बरोबर होतं, आणि तुझा प्रश्न त्या सूत्राच्या पुढचा होता. जगातल्या मोठमोठ्या माणसांना जो प्रश्न पडला होता तो तुला शिंगाडा खाता खाता पडला. त्याच पुस्तकात खाली बारीक अक्षरात असंही होतं की सूर्य असा एकाएकी नाहीसा होऊच शकत नाही, तेव्हा प्रश्नच मुळात बरोबर नाही. ती ओळ मी तीनदा वाचली. मग पुस्तक कपाटात ठेवलं, जरा मागच्या रांगेत.

तुला फोन करता आला असता. दोन मिनिटांचं काम होतं. मी स्वतःची समजूत घातली की टेकू एव्हाना विसरलाही असेल, धान कापणीचे दिवस आहेत. पुढं वर्गात गुरुत्वाकर्षण शिकवताना कुणी पोरानं तसला प्रश्न विचारला की मी म्हणायचो, सिलॅबसमध्ये नाही.

आणि मयूरीनं तोच विषय घेतला. नागपूरला बीएस्सी करत होती तेव्हा बातमी आली की लांब कुठेतरी दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळले. त्यांच्या गुरुत्वाच्या लहरी आणि त्यांचा उजेड कोट्यवधी वर्षं चालून पृथ्वीवर पोचले, ते जवळजवळ बरोबरच, दोन सेकंदांच्याही आगेमागे नाही. मी ते वाचलं नव्हतं. मला तुझ्याकडून कळलं. ‘भोजू, पोरीचा फोन आला असन ना तुले? दोन्ही संगच आले म्हंते,’ तू म्हणालास. आवाज असा, की घरी वासरू झालं असावं. मी म्हणालो, हो हो, आला होता मघाशीच. मग फोन टेबलावर ठेवून त्याच्याकडे पाहत बसलो. तिचा फोन पंधरा मिनिटांनी आला. ती पंधरा मिनिटं मी तुला मनात काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. आणि त्या सगळ्यात तू एकदाही म्हणाला नाहीस की पाह्य, मी सांगितलं होतं. म्हणाला असतास तर मला सोपं गेलं असतं.

गेल्या वर्षी आमच्या कॉलेजनं तिला बोलावलं. पुण्याला संशोधन करते, आपल्याच सरांची मुलगी, पोरांशी चार शब्द बोलेल. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. बायकोनं इस्त्री करून दिलेला शर्ट, खिशाला पेन. प्रकाश आणि गुरुत्व अंतराळातून कसे येतात, हे मयूरीनं सांगायला सुरुवात केली, आणि पाच मिनिटांत ती केशोरीच्या तलावावर पोचली. तुडूम, पाट, टेलवाल्याची बांधी. ‘हे मला माझ्या टेकू काकांनी सांगितलं,’ ती माइकवर म्हणाली. ‘पृथ्वीला सांगतं कोण, हा प्रश्न त्यांचा. मी आजही त्याच प्रश्नावर काम करते.’ सभागृहात टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, सगळ्यांपेक्षा जरा जोरात. माझं नाव तिनं घेतलं ते शेवटी, आभारात, प्राचार्यांच्या आणि माइकवाल्याच्या मध्ये.

चहा घेताना प्राचार्यांनी विचारलं, ‘सर, ये टेकू काका कौन हैं? कोई प्रोफेसर?’

‘नहीं सर,’ मी म्हणालो. ‘गाँव का आदमी है. पानी छोड़ता है.’

तू तिथं नव्हतास, तुला हे कळलं नाही. आज सांगतो, म्हणजे तुझ्या पदरात सगळंच पडेल. त्या दिवसानंतर मी आठ महिने केशोरीला आलो नाही. तुझे दोन फोन उचलले नाहीत. तिसरा उचलला आणि मीटिंगमध्ये आहे म्हणालो. रविवार होता. तू म्हणालास, ‘बरं, तुले टाइम भेटन तेव्हा ये, नवे तांदूळ काढून ठेवले.’ पोतं अजून तुझ्या ओसरीवर आहे, त्यावर माझं नाव खडूनं लिहिलेलं आहे. तेरवीला पाहिलं. उचलायचा धीर झाला नाही.

तू सकाळी पावणेनऊला गेलास, असं वहिनी म्हणाल्या. पाळीवर बसलास, पाणी मागितलंस, आणि पाणी येईपर्यंत राहिला नाहीस. मला सव्वाअकराला कळलं, कारण वर्गात फोन बंद ठेवतो. त्या सकाळी माझे सलग दोन तास होते. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये बसून मी, नेहमीच्या सवयीनं, तुझ्याशी भांडत होतो. तुला एक जोरदार उत्तर सुचलं होतं मला, अगदी तोंड बंद करणारं. तू अडीच तासांपूर्वी गेलेला होतास आणि मी उत्तर घासून-पुसून ठेवत होतो. ते उत्तर काय होतं, मला आता आठवत नाही. खूप प्रयत्न केला. फोन ठेवल्यावर मी स्टाफरूमच्या खिडकीशी उभा राहून रडलो, आणि शिपायाला सांगितलं की डोळ्यात कचरा गेला.

मयूरी दुसऱ्या दिवशी पोचली, तुला अग्नी दिल्यानंतर. तेरवीपर्यंत तुमच्याच घरी राहिली, वहिनींजवळ झोपली. आम्ही दोघं परवा सकाळी निघालो. गाडी तीच चालवत होती. नवेगावबांध मागे पडलं तेव्हा ती म्हणाली, ‘बाबा, त्या दिवशी भाषणात मी पाण्याची गोष्ट सांगितली ना, ती अर्धीच होती.’

मला वाटलं, अजून किती.

‘त्या दसऱ्यानंतर दिवाळीला आपण आलो होतो. मी काकांना विचारलं, मग बरोबर कोण होतं? तर काका म्हणाले, तुझ्या बापाचा फोन आला होता. म्हने, टेकू, तू बरोबर होता, मी पुस्तकात पाह्यलं, मी चुकलो.’ तुझा आवाज ती हुबेहूब काढते, तुला माहीत आहे. ‘काका म्हणाले, एवढा शिकलेला मानूस बाई, पन त्यानं फोन करून सांगितलं. मले नसतं जमलं. हे मोठ्ठं काम आहे, ध्यानात ठेव.’ तिनं समोरच्या ट्रॅक्टरला जागा दिली. ‘मी ध्यानात ठेवलं. पाण्यामुळं मला प्रश्न कळला बाबा, पण मला शिकायचं होतं ते तुमच्यामुळं. चुकलं की फोन करणारी माणसं असतात तिथं जायचं होतं. भाषणात म्हणणार होते, पण तुम्ही पुढेच बसला होता. तुम्हाला लाजल्यासारखं झालं असतं.’

आता माझी दशा पाहा, टेकू. मी फोन केला नव्हता. पुस्तकाचं तुला कुणी सांगितलं नव्हतं, तरी तू अंदाजानं बरोबर बोललास. मी पुस्तक काढणार, पाहणार आणि गप्प बसणार, हे तुला ठाऊक होतं. मी ज्याच्यासाठी तुझ्यावर सोळा वर्षं जळलो ते सगळं माझ्याच नावावर होतं, आणि ते तू ठेवलं होतंस. नुसतं गप्प बसलो असतो तर मुलगी माझी होती, तुझ्यापेक्षाही जास्त माझी. आणि खरं बोललो असतो तर त्यातही एक गोड वाटा होता, तो मला लगेच दिसला: तू तिच्या नजरेत खोटारडा ठरला असतास. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात. माझ्या दोन्ही बाजूंना फायदाच होता.

कोहमाऱ्याला चहाला थांबलो. भजी आली. मी एक उचललं आणि परत ठेवलं.

‘मयूरी, मी फोन केला नव्हता.’

‘कोणता फोन?’

‘टेकूला. तो दसऱ्यानंतरचा. पुस्तक पाहिलं होतं, ते खरं. फोन नाही केला. कधीच नाही केला.’

तिनं कप खाली ठेवला. बशीत थोडा चहा सांडला, तो तिनं पुसला नाही. ‘मग काका खोटं बोलले?’

सोळा वर्षांत पहिल्यांदा तू माझ्या मुठीत होतास. एक ‘हो’ म्हटलं असतं तर झालं असतं. खरं सांगतो, जिभेच्या टोकाशी आलं होतं.

‘नाही,’ मी म्हणालो. ‘खोटं नाही बोलला. तो थोडा लवकर बोलला.’

तिनं माझा हात वगैरे धरला नाही. तसं काही होईल असं मला वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. ती चिडली. ‘म्हणजे मी इतकी वर्षं,’ एवढं म्हणून थांबली आणि रस्त्यावरच्या ट्रककडे पाहत राहिली. मग म्हणाली, ‘आता तरी सांगा त्यांना.’

‘आता कुठं सांगू?’

‘ते मला माहीत नाही. तुम्ही मास्तर आहात ना, लिहून सांगा.’ आणि चावी घेऊन गाडीकडे गेली.

काल ती पुण्याला गेली. स्टेशनवर नीट बोलली नाही, खिडकीतून हात केला तोही आईला. मी घरी येऊन टेबलाशी बसलो आणि हे लिहिलं. तुझा हेवा अजून आहे, पूर्वीपेक्षा थोडा जास्तच, कारण आता तुझ्याशी भांडायचीही सोय राहिली नाही. तो जाईल असं मला वाटत नाही, आणि जावा असंही वाटत नाही. पण जे सांगायचं आहे ते एवढंच आहे.

टेकू, तू बरोबर होतास. मी पुस्तकात पाहिलं. मी चुकलो.